शिलाईला पैकीच्या पैकी, जर्सीला ग्रेसचे मार्क

मी मराठीची शिक्षिका. गेल्या जूनपर्यंत फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की दर चार वर्षांनी महिनाभर घरातला टीव्ही मध्यरात्री चालू असायचा आणि मी झोपमोड झाली म्हणून कुरकुरायचे. आमच्या शाळेतले पी.टी.चे सर निवृत्त झाले, ते पद काही भरलं गेलं नाही. जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये 'मुलींचा फुटबॉल कोण बघणार?' असा विषय निघाला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते. झालं.

खेळाच्या खोलीची किल्ली मिळाली. आत दोन फुटबॉल होते. एक भाकरीसारखा बसलेला, दुसऱ्याची शिवण उसवून आतला काळा फुगा बाहेर डोकावत होता. पंप होता, पिन नव्हती. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी सांगितलं, "बाई, नवीन घ्यायच्या आधी मारुती चौकामागं बॉलवाल्या मामांकडं जाऊन या." त्या दुकानात गेल्या दोन महिन्यांत मी नऊ वेळा गेले. ज्यांच्या गळ्यात माझ्यासारखी शाळेची टीम पडली असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पत्ता, कारण तो सापडत नाही. सांगलीच्या हरभट रोडवरून मारुती चौकाकडे आलात की स्टीलच्या भांड्यांची दुकानं संपतात तिथं उजवीकडे एक बोळ आहे. स्कूटर आत जाते, वळत नाही, बाहेरच लावा. दुकानाला पाटी नाही. होती, ती २०१९ च्या पुरात गेली आणि परत लावली नाही. "पाटी वाचून इथं कोण येतंय?" हे मामांचं म्हणणं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट, हे सांगलीकराला सांगायला नको. दुकानातल्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्या हातभर वर. पाणी चढायला लागलं तेव्हा मामांनी कपाटं तशीच सोडली. पाणी उतरल्यावर येऊन बघतात तर कपाटांची दारं उघडलेली, आणि हवा भरलेले सगळे बॉल पाण्याबरोबर वर जाऊन, पाणी ओसरल्यावर फळ्यांवर, पंख्यावर, माळ्याच्या कठड्यात जागा मिळेल तिथं अडकून बसलेले. गेलं ते सगळं चामडं. बूट, हातमोजे. आणि सुताच्या जाळ्या.

मी पिशवीतून दोन्ही बॉल काढून टेबलावर ठेवले. मामांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, गराउंड कसलं हाय तुमचं?"

मला प्रश्न कळला नाही. ग्राउंड म्हणजे ग्राउंड. मग त्यांनी फोड करून विचारलं: मुरूम टाकलाय का काळी माती, कडेला बाभळी आहेत का, पाणी साठतं का. मुरूम आहे, एका कोपऱ्यात काळी आहे, आणि कुंपणाला बाभळी आहेत, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही मॉलमधल्या पोरानं मला सांगितलं नसतं. मी त्यांना कपाटातला अकराशे रुपयांचा चकचकीत, हाताने शिवलेला बॉल दाखवून "हा द्या" म्हटलं होतं. त्यांनी दिला नाही. वरचं पॉलियुरेथेनचं कातडं गवतासाठी असतं, मुरमावर ते पंधरा दिवसांत सोलून निघतं, म्हणाले. रोजच्या सरावाला रबरी मोल्डेड, म्हणजे न शिवता साच्यात केलेला, घ्या, ४५० रुपयांचा. तो उड्या जरा जास्त मारतो, पायाला कडक लागतो, पण मुरमाला पुरून उरतो. शिवलेला बॉल मॅचपुरता ठेवा. आणि शिवलेला तुमच्याकडे आहेच की, असं म्हणत त्यांनी माझा उसवलेला बॉल पहिल्यांदा हातात घेतला.

इथून पुढे जे चाललं ते बघायला तरी एकदा जा. दारात गोणपाटावर बसून, बॉल दोन गुडघ्यांत धरून, एका हातात आरी आणि मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. एका भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात आणि दोरा खेचताना बारीक 'चर्र' आवाज येतो. शिवण आतल्या बाजूला राहते, त्यामुळे शेवटचे तीन-चार टाके घालताना फुगा आत ढकलून, बघता न येता बोटांच्या अंदाजानं काम चालतं. मामांचे वडील चपला शिवायचे, बॉल शिवायला मामा स्वतःच शिकले, एक जुना फाडून. मी विचारलं, किती फाडले? "लई," एवढंच.

दर शिवणीवर आहे. शिवण म्हणजे दोन तुकडे जिथं जुळतात ती एक कड. एका कडेला १५ रुपये. माझ्या बॉलच्या चार कडा उसवल्या होत्या, म्हणजे ६०, आणि फुगा नवा घातला त्याचे १३०. घरी आल्यावर मला शंका आली की अख्खा बॉल उसवला तर किती होतील. आमच्या गणिताच्या मॅडमनी मधल्या सुट्टीत मोजून दिलं: २० षट्कोन, १२ पंचकोन, प्रत्येक कड दोघांत वाटलेली, म्हणून एकूण ९० कडा. १३५० रुपये. तेवढ्यात नवीन येतो. पुढच्या वेळी मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तवा कशाला शिवत बसू? दहा कडांच्या वर गेला की मी गिऱ्हाईकाला परत पाठवतो." हा ३२ तुकड्यांचा काळा-पांढरा बॉल १९७० च्या वर्ल्डकपमध्ये आला, त्या वेळच्या टीव्हीवर नीट दिसावा म्हणून तसा रंगवला, हीही माहिती मला तिथंच मिळाली. सांगलीत तो यायला अर्थातच बरीच वर्षं गेली. त्याआधी तपकिरी चामड्याचा, नाडीचा बॉल. पावसात तो पाणी प्यायचा आणि दगड व्हायचा. हेडर मारताना नाडीची गाठ कपाळावर आली की दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना कळायचं. त्याला एरंडेल तेल चोळावं लागे. मामांच्या दुकानात तसा एक अजून आहे, विकायला नाही.

हवा भरायची अक्कलही मला तिथंच आली. आमच्या मुली पिनला थुंकी लावून घालायच्या. मामा भडकले; थुंकीनं व्हॉल्व्ह कडक होतो, ग्लिसरीनचा एक थेंब लावा म्हणाले आणि ग्लिसरीनची छोटी बाटली फुकट दिली. त्यांच्याकडे हवेचा दाब मोजायचा काटा आहे, त्यावर आठ-नऊ पौंडांपर्यंत बघतात. पण मला शिकवलं ते अंगठ्यानं: दोन्ही अंगठे रोवून दाबा, जरासा दबला पाहिजे. गच्च भरलेला बॉल मुरमावर पोरींच्या ताब्यात राहत नाही. नियमाप्रमाणे पाच नंबरच्या मापाचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असावा लागतो. शिवलेला परत आणल्यावर मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ४३८. का ठेवला ते विचारू नका. मराठीच्या माणसाला आकडा जमला की आनंद होतो.

बुटांबद्दल जरा वेगळं मत आहे. संघातल्या चौदा मुलींपैकी सहाजणी भावांचे बूट घालून येतात. तळ सुटलेल्या बुटाला मामा कडेनं पूर्ण शिलाई मारून देतात, जोडीला ८० रुपये, आणि ती शिलाई पावसाळाभर टिकली आहे. हे उत्तम. पण नवीन बूट त्यांच्याकडून घेऊ नका. मुलींच्या मापाचे नसतातच, मुलांचे चार नंबरपासून पुढे. "दोन मोजे घाला" हा त्यांचा एकमेव उपाय. आमच्या गोलीसाठी, म्हणजे गोलकीपरसाठी, मी बूट मागितले तेव्हा मात्र त्यांनी बरोबर अडवलं. आधी हातमोजे घ्या, बाई, बोट मुरगळलं तर पोरगी पेपर कशानं लिहील? हातमोजे ३५० चे निघाले.

आता खरं ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. तिसऱ्या खेपेला बिल करताना मी शाळेचं नाव सांगितलं. मामांनी पेन खाली ठेवलं. "अगं बाई, तुमचं खातं हाय की आमच्याकडं." मी म्हटलं, आमच्या शाळेत फुटबॉल पहिल्यांदाच होतोय. हे मी मनानं सांगत नव्हते. मुख्याध्यापकांनी तसं सांगितलं होतं, आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं मुद्रितशोधन मी स्वतः केलंय. त्यात लेझीम आहे, खो-खो आहे, वक्तृत्वाच्या ढालींचं तर एक अख्खं पान आहे. फुटबॉलची एक ओळ नाही.

मामा शिडी लावून माळ्यावर चढले आणि लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या खाली आल्या. २००५ च्या पुरात सगळ्यात जुन्या गेल्या, तेव्हापासून उरलेल्या वर, कौलाच्या खाली. शाळा पैसे देणार अनुदान आल्यावर, म्हणून प्रत्येक शाळेचं खातं. एका शाळेला एक पान. आमचं पान सापडायला पाच मिनिटं लागली.

जुलै १९७६: बॉल नं. ५, नग २. ब्लॅडर (म्हणजे आतला फुगा) ४. नाड्या ६. पंप १. पुढच्या वर्षी जाळी एक जोड. १९७८ ला एकदम चार बॉल, आणि त्यापुढे वेगळ्या शाईत 'विभाग'. १९८१ ला एक बॉल, दोन ब्लॅडर, बाकी ३८ रुपये. मग काही नाही. त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा आहे.

मी सोळा वर्षं या शाळेत आहे. पावसाळ्यात मुलं काय करायची, कुठं खेळायची, कुणाशी हरायची हे या वहीला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. मामांना तर त्याहून जास्त. तुमची पोरं पिवळ्या बनियनात खेळायची, म्हणाले. बनियन घरीच हळदीत बुडवून रंगवलेले, पाऊस लागला की पिवळं पाणी चड्डीवर उतरायचं. (हळदीच्या गावात दुसरा कुठला रंग परवडणार?) खेळायची अनवाणी, फक्त गोलीला बूट. गराउंड आता जिथं सायकल स्टँड आणि हॉल आहे तिथं. जिंकले की मॅचवरून तसेच चिखलात दुकानात यायचे, बॉल टेबलावर ठेवायचे आणि मामांचे वडील भडंग आणायला पाठवायचे. हरले तर बॉल दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर यायचा. कुठल्या शाळेचा बॉल कोण घेऊन आलं यावरून निकाल कळायचा, पेपर बघायची गरज नसायची.

'विभाग' म्हणजे काय तेही कळलं. शाळांचे सामने जिल्हा, विभाग, राज्य असे वर चढत जातात. आता महापालिका हद्दीतल्या शाळा वेगळ्या खेळतात. आपला विभाग कोल्हापूर. विभागात गेलं की गाठ कोल्हापूरशी, आणि तिथं पेठापेठांतून, तालमीतालमींतून फुटबॉल खेळतात, शाहू स्टेडियमवर पेठेतल्या म्हाताऱ्याही बघायला येऊन बसतात असं मामा कौतुकानं सांगतात. पन्नास किलोमीटरवर हे असं आणि आपल्याकडे कबड्डी, खो-खो, कुस्ती, नाही तर क्रिकेट. क्रिकेटचं तर विचारायलाच नको. विजय हजारे सांगलीचे, स्मृती मानधना माधवनगरात वाढलेली. आमच्या मुलींचे पालक पहिल्यांदा मला हेच विचारतात की क्रिकेट का नाही. दुसरा प्रश्न दहावीला खेळाचे ग्रेसचे मार्क कितव्या पातळीपासून मिळतात हा.

१९७८ चा संघ विभागात कोल्हापूरकडून हरला. किती गोलांनी, ते मामा सांगत नाहीत. सुब्रतो कपचं नाव मला तिथंच पहिल्यांदा कळलं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी, त्यांच्या नावानं १९६० पासून दिल्लीला शाळांची स्पर्धा होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चिखलात जे सामने चालतात त्यातून वर चढत गेलं की वाट तिथं जाते. मुलींसाठी त्यात १७ वर्षांखालचा गट आहे. आमच्या मुलींना हे वर्गात सांगितलं तर सातवीतली एक म्हणाली, "बाई, मग दिल्लीला डबा न्यावा लागंल?"

वहीनंतर मामांनी टेबलाच्या काचेखालचा फोटो दाखवला. अकरा मुलं, मागची उभी, पुढची मांडी घालून, मध्ये बॉल आणि बॉलवर खडूनं '१९७८-७९'. पुढच्या रांगेत डावीकडून दुसरा मुलगा बघून मी दचकले. कान तेच. आमच्या संस्थेचे एक संचालक, ज्यांनी आठवड्यापूर्वीच माझ्या अर्जावर 'शाळेस या खेळाची परंपरा नाही, सबब खर्च अनावश्यक' असा शेरा मारला होता. मी मोबाइलवर फोटोचा फोटो काढला आणि त्यांना पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. तासाभराने उत्तर आलं: "हा कुठे मिळाला?" दोन दिवसांनी जाळ्यांचे पैसे मंजूर झाले. बुटांचे नाही.

ते ३८ रुपये मी द्यायला काढले. मामांनी घेतले नाहीत, पण त्यामागे काही उदात्त विचार नव्हता. ते पान वडिलांच्या हिशेबातलं, त्यात आता जमा टाकली तर बेरीज चुकते, म्हणाले.

२०१७ ची गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या वर्षी भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आपल्या संघात होता. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळायचा असा सरकारी उपक्रम होता आणि शाळांना बॉल वाटले गेले. मामा म्हणतात, त्या पंधरवड्यात आयुष्यात विकल्या नव्हत्या एवढ्या पिना विकल्या. बॉल होते, पंप नव्हते. खेड्यातली गुरुजी मंडळी एसटीनं बॉल घेऊन यायची, हवा भरून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी बाभळीचा काटा लागलेला बॉल घेऊन परत. त्यातल्या तीन शाळांचं खातं अजून चालू आहे. मी त्या तीन पानांवरच्या तारखा बघितल्या, दर जुलैला नोंद आहे.

आता तक्रारी.

जर्सी इथं छापून घेऊ नका. मामा स्वतः छापत नाहीत, कुणाकडे तरी देतात. आमच्या चौदा जर्सी आल्या त्यात आठ नंबर नव्हता आणि तीन नंबर दोन होत्या. एका आठाची डावी बाजू छापायचीच राहिली होती, म्हणून तो तीन झाला होता. पाठीवर शाळेचं नाव, त्यात 'विद्यालय'च्या जागी 'विद्यालाय'. चौदा वेळा. मराठीच्या बाईच्या संघाच्या पाठीवर. पहिल्या धुण्यात नंबर सुटायला लागले, अक्षरं मात्र पक्की बसली आहेत. मामांनी निम्मे पैसे परत दिले, न मागता. म्हणून शून्य देत नाही.

बिलाचंही तसंच. हातानं लिहिलेलं कच्चं बिल मिळतं आणि त्यावर 'बल्याडर' असतं. ऑफिसात ते चालत नाही. पक्कं हवं तर आधी सांगा, त्यांचा भाचा संध्याकाळी येऊन संगणकावर काढून देतो. माझ्या पर्समध्ये लाल पेन होता. काढला नाही.

वेळेचा भरवसा नाही. दहाला उघडतात म्हणतात. मला साडेअकराच्या आत कधी उघडं दिसलं नाही. मंगळवारी बंद, आणि दुपारी दोन ते चार जेवण अधिक झोप. फोन लावला तर उचलत नाहीत, कारण हातात आरी असते. भाच्याला मेसेज टाका. खंडेनवमीला दुकान उघडं असतं पण काम होत नाही. त्या दिवशी आरी, पंप आणि तो जुना नाडीचा बॉल यांची पूजा असते, झेंडूची माळ घालून. गेलात तर पेढा मिळेल. बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर बहुतेक वेळा कुठला तरी जुना हाफबॅक बसलेला असतो. तो उठत नाही. घाई असेल तर त्याला अमकी मॅच १९८३ ची की १९८४ ची असलं काही विचारू नका.

नवीन बॉल नेटवर दीड-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतात हे खरं आहे, मी बघितलंय. इथले पण जालंधरचेच असतात. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर तिथं येऊन बसले तेव्हापासून आपल्याकडचा माल तिकडूनच येतो. तुमच्या शाळेला गवताचं मैदान असेल आणि दरवर्षी नवे बॉल घेण्याएवढे पैसे असतील तर तुम्हाला या बोळात यायचं कारण नाही. बाकीच्यांनी बॉल पिशवीत घालून या, आणि येताना ग्राउंडचं ढेकूळ खिशात आणलंत तरी चालेल. मामा ते बोटांनी चुरून बघतात.

आमची महापालिका पातळीवरची पहिली मॅच शुक्रवारी आहे. मॅचचा बॉल सोमवारी परत उसवला, दोन कडा. "बेस्तरवारी न्या" असं सांगितलंय. आज गुरुवार, साडेचार वाजलेत, भाच्याला दोन मेसेज टाकून झाले, एकाला निळ्या खुणा आल्यात. मी निघतेच. स्कूटर बोळाबाहेर लावेन.